ठमीचं पोट

आमच्या फर्निचरच्या कारखान्यात बाई एकच, पॉलिश करणाऱ्या. बाकी सुतार, कटाईच्या मशीनवरचे, गाद्या शिवणारे आणि हिशेबाच्या टेबलावर मी, असे सगळे पुरुष. पूर्वी त्यांना सगळे पॉलिशबाई म्हणत. धाकट्या भावाला मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या, त्या बढती मिळालेल्या माणसासारख्या. दारातूनच म्हणाल्या, "मी आत्या झाले!"

आमचे सगळ्यांत जुने सुतार, ज्यांना मालकसुद्धा काका म्हणतात, रंध्यावरची मान वर न करता म्हणाले, "छान झालं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, पण इथं ती जागा भरलेली आहे."

तेव्हापासून त्या आत्याबाई. जिच्यामुळे हे नाव पडले ती मुलगी दुसऱ्या गावी, वर्षातून एखाद-दोनदा दिसणार. नाव मात्र रोज, दिवसभर.

आत्याबाईंनी लग्न केले नाही. का, ते कारखान्यात कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. आई होती तोवर आईचे केले. आई गेल्यावरही काही महिने तिच्या औषधाची वेळ झाली की कामावरचा हात थबकायचा. पुढे तोही थबकेनासा झाला. एका लाँड्रीच्या वर त्यांच्या दोन खोल्या आहेत. खुर्च्याही दोन. एकीवर त्या बसत आणि दुसरीवर इस्त्रीचे कपडे बसत. सकाळी निघताना त्या रेडिओ चालू ठेवून कुलूप लावत. लाँड्रीवाला म्हणाला, "ताई, रेडिओ विसरलात." त्या म्हणाल्या, "विसरले नाही. कुलूप उघडलं की आत कोणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं."

कामात त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. वार्निश हलवायचे नाही. नव्या माणसाने सवयीने डबा हातात घेऊन खुळखुळवला, की त्या लांबून ओरडत, "अरे, ताक घुसळतोस का?" वार्निश हलवले की त्यात हवेचे बारीक फुगे जातात, ते फळीवर तसेच सुकतात आणि टेबलाच्या अंगावर पुरळ उठल्यासारखे दिसते. म्हणून झाकण अलगद उघडायचे, धक्का न लावता हवे तेवढेच घ्यायचे. इतक्या वर्षांत तो नियम त्यांच्या बोटांत मुरला होता. त्या घरी तेलाची बाटलीसुद्धा झोपलेल्या बाळासारखी उचलत असणार.

पुढे जे घडले त्यातले थोडे मी पाहिले. बरेचसे त्यांनीच नंतर जेवणाच्या सुट्टीत, एक घास आणि एक वाक्य असे करत सांगितले.

भावाची बायको दुसऱ्या खेपेला दवाखान्यात झोपून होती. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली होती. भावाची पाळ्यांची नोकरी. सव्वादोन वर्षांच्या मुलीला कोण बघणार? भावजयीची आई तिच्या मुलाकडे राहत होती. गुडघे दुखत असले तरी ती न्यायला तयार होती. तेवढ्यात आत्याबाईंनी फोन करून सांगितले, "मी आहे ना."

मग भाऊ म्हणाला, "ताई, तुला सवय नाही."

"सवय तुला तरी कुठं होती? झाल्यावर झाली ना?"

भावजयीने दवाखान्यातून फोन घेतला. "वन्सं, तुम्ही म्हणताय ते प्रेमानं म्हणताय, कळतं मला. पण मूल म्हणजे कपाट नव्हे हो. पॉलिश केलं, वाऱ्याला ठेवलं, झालं, असं नसतं."

"वाऱ्याला नाही ठेवणार," आत्याबाई म्हणाल्या.

शेवटी ठरले असे, की मुलीने आत्याकडे राहायचे, जमले तर बाळंतपण पार पडेपर्यंत. नाही जमले तर आजी येऊन घेऊन जाईल. भाऊ मुलीला सोडायला आला तेव्हा उंबऱ्यातच पुन्हा म्हणाला, "नाही जमलं तर लगेच सांग. मनाला लावून घेऊ नकोस." तो गेल्यावर आत्याबाईंनी दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलले आणि मुलीला तिथे बसवले.

मुलीला घरात सगळे ठमी म्हणत, कारण ती कमरेवर हात ठेवून चालायची आणि बसायच्या आधी जागा पुसून घ्यायची. तिने पहिल्याच दिवशी रेडिओतल्या माणसाला "बाय" केले. तो बोलतच राहिला, तेव्हा आत्याकडे वळून म्हणाली, "आत्तू, जात नाही."

मालकांनी आत्याबाईंना अर्धा दिवस काम करायची परवानगी दिली. सकाळी ठमी गल्लीच्या टोकाच्या पाळणाघरात आणि दुपारनंतर घरी. आत्याबाई निघताना साबणाने कोपरापर्यंत हात धूत, वास घेत आणि पुन्हा धूत. "ठमी म्हणते, आत्तू, घाण वास," असे त्या आम्हाला कौतुकाने सांगत. त्या वासात आमचा सगळ्यांचा जन्म गेला होता.

काही आठवडे हे बरे चालले. मग ठमीला खोकला झाला. ताप चढला, डॉक्टरीणबाईंनी अँटिबायोटिक दिले आणि खोकला गेला. तो गेला तशी ठमी जेवेनाशी झाली. चमचा ओठाला लागला की रडायची. आत्याबाईंनी तोंड उघडून पाहिले तर जिभेवर आणि गालाच्या आत पांढरे चट्टे, सायीसारखे. ओल्या फडक्याने पुसायला गेल्या तर साय सहज निघेना, निघाली तिथे खालून लाल दिसू लागले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यीस्ट आहे. एक प्रकारची बुरशी. अँटिबायोटिकनंतर लहान मुलांना होते कधी कधी, घाबरायचं नाही. हे थेंब द्या. दिवसातून चार वेळा, खाणं झालं की. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही." बाहेर बाके भरली होती, एक मूल जोरात रडत होते. आत्याबाई बाटली घेऊन उठल्या.

पिवळसर, दाट, गोड वासाचे औषध. झाकणालाच काचेची नळी जोडलेली, वर रबराचा फुगा. औषधाच्या दुकानदाराने दिवसातून किती वेळा घ्यायचे ते लिहिलेली चिठ्ठी बाटलीवर चिकटवली, ती नेमकी छापील सूचनांवर. चिठ्ठी वाचून आत्याबाईंनी बाटली खिडकीशी, सावलीत, तिला कोणाचा धक्का लागणार नाही अशी ठेवली.

औषध कसे पाजावे हे त्यांना आईमुळे येत होते. नळी बाटलीच्या तळापर्यंत अलगद सोडायची, भरून घ्यायची आणि चव कळायच्या आत जिभेच्या मागे सोडून द्यायची. वर लगेच दोन चमचे पाणी. ठमी एकदा तोंड वाकडे करायची आणि गिळायची. "शहाणं गं माझं बाळ," आत्याबाई म्हणायच्या. त्यांना वाटले, जमले.

आणि मग ठमीचे पोट बिघडले.

आधी नुसते गुडगुडत होते. मग पातळ शी, मग अगदी पाण्यासारखी, आणि मधूनच उलटी. पोट टम्म फुगायचे. ठमी कमरेवरचे हात काढून पोटावर ठेवायची आणि म्हणायची, "आत्तू, आत बाऊ." कपडे बदलावेत तोवर पुन्हा भरलेले. ढुंगण लाल झाले, पुसताना ती किंचाळायची. आत्याबाईंनी पुसणे बंद केले. कोमट पाण्याने धुवायचे आणि मऊ कापड नुसते टेकवून टिपायचे असे सुरू केले. हे त्यांचे त्यांनाच सुचले, विचारायला कोणी नव्हते.

पाळणाघराच्या बाईंनी दारातच अडवले. "आत्या, राग मानू नका. माझ्याकडे दुसरीही पोरं आहेत. एकाचं पोट बिघडलं की सगळ्यांचं बिघडतं, मग मी कुठं पुरी पडू? पोट थांबलं की आणा. माझीच आहे ती."

"औषधानं होतंय," आत्याबाई म्हणाल्या. "लागण नाही."

"असेल. पण शीवर कुठं लिहिलेलं असतं ती कशानं झालीय ते?"

आत्याबाईंनी कामावर फोन करून येत नसल्याचे कळवले.

घरी बसणे म्हणजे काय ते त्या दिवसांत त्यांना कळले. एकटे राहणे त्यांना नवे नव्हते. पण एकट्या माणसाचे दुखणे एकट्यापुरते असते, पडून राहिले की झाले. इथे त्या बादलीत कपडे बुडवत असताना ठमी आतून हाक मारी. हात धुऊन आत जावे तोवर ती पुन्हा भरलेली असे. दूध तापायला ठेवले तर उतू जाई. खाली जाऊन काही आणावे तर हिला कोणापाशी ठेवायचे? लाँड्रीवाला दिवसभर वाफेत उभा. शेजारच्या खोलीला कुलूप. रेडिओवरचा माणूस हवामान सांगत होता. त्या मला म्हणाल्या, "मला वाटलं त्यालाच विचारावं, बाबा रे, हिला दूध देऊ का नको?"

फोन रोज येई. भाऊ विचारी, "काय म्हणते ठमी?"

"मजेत आहे."

"जेवते ना?"

"जेवते की."

एकदा भावजय म्हणाली, "वन्सं, दाखवा ना तिला." आत्याबाईंनी झोपलेल्या ठमीचा चेहरा दाखवला, मानेपर्यंत पांघरूण घेऊन. भावजय बराच वेळ बघत राहिली. "बारीक झालीय का हो?"

"झोपेत वाटतं तसं."

हे खोटे त्यांना जड गेले. पण सांगितले तर आजी दुसऱ्या दिवशी दारात उभी, हे त्यांना दिसत होते. कोणाला सांगितले नाही तरी पोट आपोआप थांबेल आणि मुलगी आपल्याकडे राहील, अशी एक आशा त्यांनी धरली होती. आशा कसली, हट्टच.

मग त्यांनी मनानेच थेंब बंद केले. पोट थोडे निवळले. त्या खूश झाल्या. पण जिभेवरची साय पुन्हा दाट झाली आणि ठमीने भाताच्या पहिल्याच घासाला तोंड फिरवले. इकडे आड, तिकडे विहीर. औषध द्यावे तर पोट जाते, न द्यावे तर तोंड जाते. त्यांनी पुन्हा थेंब सुरू केले आणि पोट पुन्हा सुटले.

याच सुमारास मी आणि काका त्यांच्याकडे जाऊन आलो. काकांनी केळी नेली होती. जिन्यावरच धुतलेल्या कपड्यांचा वास. घरभर दोऱ्या आणि दोऱ्यांवर ठमीचे कपडे, त्यामुळे आम्हाला वाकून आत जावे लागले. ठमी खुर्चीत बसली होती, काकांच्या मिशांकडे बघत. हसली नाही. आत्याबाईंचे केस विंचरलेले नव्हते. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसे कधी पाहिले नव्हते.

काका म्हणाले, "आत्याबाई, डॉक्टरकडे परत गेलात का?"

"काय सांगू जाऊन? औषध बंद करते म्हणून? रागावतील."

"रागावू दे. आम्ही रोज तुमचं ऐकतो, मेलो का?"

त्या हसल्या आणि लगेच दुसरीकडे बघू लागल्या. ठमीने काकांच्या हातातले केळे घेतले, जागा पुसली आणि ते खुर्चीवर ठेवले. खाल्ले नाही. बाहेर पडल्यावर काकांनी जिन्याकडे वळून पाहिले. मग म्हणाले, "पोरगी रडत नव्हती. ते बरं नाही."

आत्याबाईंनाही तेच दिसले असावे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठमीला खांद्यावर टाकून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. औषधाची बाटली त्यांनी टॉवेलात गुंडाळून, पिशवीत उभी, हिंदकळणार नाही अशी नेली.

त्यांनी सगळे सांगितले. मध्ये बंद केले होते, तेही. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पोट दाबून पाहिले, तोंड पाहिले, रडताना डोळ्यात पाणी येते का, लघवी किती वेळा होते, शीमध्ये रक्त दिसले का, ते विचारले. मग म्हणाल्या, "या औषधानं काही मुलांचं पोट बिघडतं, पण इतकं सहसा नाही. आणि तोंड का सुधारत नाहीये ते मला कळत नाही. आज सकाळचे थेंब दिले?"

"नाही. तुम्हाला विचारून द्यावेत म्हटलं."

"मग इथंच द्या. मला बघू दे."

आत्याबाईंनी टॉवेल उलगडला. बाटली टेबलावर ठेवली, झाकण अलगद फिरवले, नळी तळापर्यंत नेली.

"थांबा, थांबा. हलवली नाहीत?"

"हलवू?" आत्याबाईंना खरेच आश्चर्य वाटले. "फुगे येतील ना."

"कसले फुगे?"

आत्याबाईंनी सांगितले. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग त्यांचे हसू थांबले. त्यांनी बाटली उचलून खिडकीकडे धरली. वर जवळजवळ निवळ, फिकट पाणी. तळाशी गाळ, तोही थोडाच उरलेला.

"आत्या, हे असं खाली बसणारं औषध आहे. प्रत्येक वेळी हलवूनच द्यायचं. तुमची नळी तळाला जात होती. म्हणजे घट्ट तेवढं आधी गेलं. आणि कुठं सोडत होता, जिभेच्या मागे? वर पाणी? अहो, हे तोंडाचं औषध. दोन्ही गालांत आतून फिरवायचं, थोडा वेळ तोंडात राहू द्यायचं, लगेच पाणी नाही. तुम्ही ते तोंडाला लागूच दिलं नाही, सगळं पोटात पाठवलंत."

आत्याबाई बाटलीकडे बघत राहिल्या. रंगाचा डबा असता तर त्यांनी तो डोळे मिटून हलवला असता. गाळ कशाला म्हणतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. पण हे पिवळे, चिकट, दाट. हाताने त्याला वार्निश म्हणून ओळखले आणि डोक्याला विचारलेच नाही.

"माझ्यामुळं झालं," त्या म्हणाल्या.

"तेवढ्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. आधीच्या अँटिबायोटिकनंही पोट जातं, या औषधात साखर असते तिनंही जातं. आणि कसं द्यायचं ते मी दाखवायला हवं होतं, तेही राहिलं. आता पुढचं बघू." मग त्यांनी नवी बाटली लिहून दिली, थेंब कसे द्यायचे ते स्वतः करून दाखवले. जुलाबावरचे पाण्यात विरघळवायचे मीठ-साखरेचे पाकीट दिले. ते पाणी चमच्या-चमच्याने, घाई न करता द्यायचे. उलटी झाली तर जरा थांबून पुन्हा चमच्यानेच सुरू करायचे. मऊ भात, केळे, उकडलेला बटाटा चालेल, फळांचा रस आणि गोड काही नको. जेवली नाही तरी एकवेळ चालेल, पाणी मात्र जात राहिले पाहिजे. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली, ताप आला किंवा शीमध्ये रक्त दिसले, तर वाट न बघता तडक यायचे.

आत्याबाई मान हलवत होत्या. उठणार तोच डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आई-वडिलांना माहीत आहे ना हे सगळं?"

आत्याबाई टॉवेलाची घडी करू लागल्या.

"आत्या, कळवा. उद्या सलाईन लावायची वेळ आली तर सही कोण करणार? आणि लपवलंत, तर तुम्ही जे चांगलं केलंत त्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

दवाखान्याबाहेर एक ओटा होता. ठमीला मांडीवर घेऊन तिथेच बसून त्यांनी भावाला फोन लावला. घरी गेल्यावर आपला धीर होणार नाही हे त्यांना ठाऊक होते.

सगळे ऐकून भाऊ म्हणाला, "आणि काल तू मला 'मजेत' म्हणालीस."

"हो."

"का, ताई?"

"नेशील म्हणून."

तो दवाखान्यातच होता. भावजयीने फोन मागून घेतला. आत्याबाई बोलणी खायच्या तयारीने बसल्या होत्या. भावजय हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, मी इथं दिवसभर छताकडं बघत पडलेय. माझ्यापर्यंत खरं तेवढंच येऊ दे हो. खोट्यानं मला जास्त त्रास होतो." मग थोड्या वेळाने, "आईला पाठवते."

"पाठव," आत्याबाई म्हणाल्या.

विहीणबाई दुसऱ्या दिवशी आल्या. जिना चढून दारात टेकल्या आणि पहिले वाक्य बोलल्या ते हे, "हा जिना आहे की शिक्षा?" मग दोऱ्यांखालून वाकत आत आल्या, नातीला जवळ घेतले, ओठ उलटे करून तोंड पाहिले, पोटावर टिचकी मारून आवाज ऐकला. पिशवीही खाली न ठेवता म्हणाल्या, "संध्याकाळच्या गाडीनं निघते हिला घेऊन."

"डॉक्टर म्हणाल्या, पोट थोडं थांबल्याशिवाय प्रवास नको."

विहीणबाईंनी जिन्याकडे पाहिले, मग आपल्या गुडघ्यांकडे. "मग मलाही बसावं लागणार."

त्या राहिल्या. आत्याबाईंच्या घरात आईनंतर पहिल्यांदाच कोणी मोठे माणूस राहिले होते. दुसरी खुर्ची विहीणबाईंना गेली, ठमी त्यांच्या मांडीवर. आत्याबाई चमच्याने पाणी पाजत आणि विहीणबाई शेरे मारत. "अहो, मुंगीला पाजताय का?" चमचा थांबत नसे. ठमीने ओकले, आत्याबाई थांबल्या, तोंड पुसले आणि मग पुन्हा चमचा. विहीणबाई नंतर शेरे मारायच्या थांबल्या. कपडे पिळायला लागल्या.

थेंब आता गालांत जाऊ लागले. ठमीला चव कळू लागली आणि ती चिडू लागली. "पिवळं नको!" म्हणून तिने आत्याबाईंचा चष्मा उडवला. ते पाहून दोघी बायका हसल्या, कारण चिडण्याइतका जोर तिच्यात परत आला होता. साय हळूहळू विरळ झाली. पोट एकदम थांबले नाही. एका दिवशी बरे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच, मग पुन्हा बरे. दरवेळी आत्याबाई कपडा उलगडून, खिडकीपाशी नेऊन बघत, जसा एखादा सराफ बघेल. विहीणबाई नाकाला हात लावून म्हणायच्या, "काय ठरलं?"

"कालच्यापेक्षा दाट आहे."

एका दुपारी ठमी झोपली असताना विहीणबाई म्हणाल्या, "मला चार झाली. चौघांच्या वेळी कोणी ना कोणी हाताशी होतं. सासू होती, जाऊ होती. शिव्या द्यायच्या, पण होत्या. तुम्ही एकट्या कशाला भिडलात?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नेली असती."

"आता नेतेच आहे की."

"हो."

मग विहीणबाई म्हणाल्या, "राहू द्यायला माझी ना नाही हो. पण मुलगी तिकडं पडलीय आणि तिच्या जिवाला घोर आहे. एकदा शंका शिरली की शिरली. तुमचं चुकलं म्हणून नाही, तिचं मन राहत नाही म्हणून नेते." आत्याबाईंना ते पटले. पटले हेच त्यांना जास्त लागले. भांडण करता आले असते तर बरे झाले असते, असे त्या मला म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हो म्हटले. जीभ गुलाबी झाली होती, पोट अजून नरम पण पाण्यासारखे नव्हते. थेंब आणखी थोडे दिवस द्यायचे होते, ते विहीणबाईंनी दोनदा करून दाखवले. आत्याबाईंनी सामान भरले आणि वर जास्तीचे कपडे ठेवले, गाडीत लागले तर. बसथांब्यावर ठमी रडेल म्हणून त्यांनी मन घट्ट केले होते. ठमी रडली नाही. तिला गाडी आवडली. खिडकीतून तिने आत्तूला बाय केले, शेजारच्या हमालाला केले, थांब्यावरच्या कुत्र्याला केले, सगळ्यांना सारखेच.

गाडी गेल्यावर आत्याबाई घरी न जाता कारखान्यात आल्या. रजा अजून शिल्लक होती. काकांनी त्यांच्याकडे पाहिले, काही न विचारता एक टीपॉय पुढे सरकवला आणि म्हणाले, "याला कोणी हात लावला नाहीये अजून." त्या संध्याकाळपर्यंत त्याला घासत बसल्या.

पुढचे काही दिवस त्या सुट्टीत रोज विहीणबाईंना फोन करायच्या. आम्ही ऐकायचो. "किती वेळा? रंग? पाणी पितेय ना?" विहीणबाई नीट सांगायच्या. आजाराचे विचारणे होते, त्याला उत्तर होते. एके दिवशी आम्ही जेवत होतो आणि फोन तिकडूनच आला. आत्याबाईंनी ऐकले, "काय सांगता!" म्हणाल्या, आणि फोन ठेवून उभ्या राहिल्या. सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घट्ट झाली! अगदी व्यवस्थित!"

काकांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. "आत्याबाई, आनंद आहे. पण आम्ही जेवतोय."

सगळे हसले. गाद्या शिवणाऱ्याला तर ठसका लागला. आत्याबाईही हसत खाली बसल्या आणि त्या दिवशी त्यांनी पूर्ण डबा संपवला.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, त्यांनी फोन लावला. मी शेजारीच होतो, पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

"कशी आहे? आज झाली का?"

"अहो, आता रोज रोज काय पोटाचं विचारायचं! बरी आहे ती. खेळतेय मुलांत. काही काम होतं का?"

"नाही, सहज. तोंड बरंय ना?"

"तेही बरंय. चला, ठेवू? गॅसवर दूध आहे."

"हो, ठेवा ठेवा."

त्यांनी फोन बाहीने पुसला आणि पिशवीत ठेवला. डबा उघडला नव्हता, तो तसाच बाजूला सारला. सुट्टी संपायला अजून अवकाश होता. त्या उठल्या आणि कामाला लागल्या.